अठरा पुड्या

सॉल्ट सांगायचा नाही, ही देवराव रामटेक्यांची एकच अट होती. बाकी ते काहीही करत. बाटल्या धूत, गळके नळ बांधत, फुटक्या काचा हाताने वेचत. ॲसिडने त्यांची बोटं पिवळी पडली होती. पण सॉल्ट सांगत नसत.

सॉल्ट सांगणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. बी.एस्सी.च्या रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला प्रत्येक विद्यार्थ्याला कागदाच्या पुडीत एक पांढरी पूड मिळते. ती कशाची, ते तीन तासांत शोधायचं. विरघळवून, जाळून, वास घेऊन, रंग पाहून. पुड्या बांधतो लॅब अटेंडंट. म्हणजे सगळी उत्तरं त्याच्या डोक्यात. त्या काळी दस्तूरच होता. अटेंडंट टेबलाजवळून जाताना खोकायचा. एक खोकला म्हणजे हे, दोन म्हणजे ते. कोणी परीक्षानळी उलटी ठेवून सांगायचा. संध्याकाळी पोरं त्याला सावजी खानावळीत जेवायला न्यायची. कोणालाही त्यात वावगं वाटत नसे.

देवरावांना खोकला आला तर ते व्हरांड्यात जाऊन खोकत.

पोरं त्यांना मौनीबाबा म्हणायची. सायकल स्टँडवरचा नत्थू म्हणायचा, "देवराव, तुह्या तोंडाले काय कॉलेजनं कुलूप लावलं का गा? सांगून टाकत जा. तुह्या बापाचं काय जाते?"

"माह्या बापाचं काहीच नव्हतं गा," देवराव म्हणायचे. "म्हणूनच मी जपून राहिलो."

बाप कुहीकडचा. दुसऱ्याच्या धानाच्या बांध्यांत राबला. देवराव सातवी शिकले आणि शाळा सुटली. छप्पन्न साली वीस वर्षांचे असताना ते गावच्या लोकांबरोबर नागपूरला चालत आले, दीक्षा घेतली, आणि परत गेलेच नाहीत. पुढच्या वर्षी या कॉलेजात बाटल्या धुवायला लागले. ऐकून ऐकून शिकले. एकवीस वर्षांत अशी वेळ आली, की नवीन डेमॉन्स्ट्रेटर गोंधळला की हळूच देवरावांकडे पाहायचा.

मुलीला त्यांनी सायन्सला घातलं. पुष्पलता. कॉलेज हेच, कारण इंदोऱ्याहून बाप-लेक एकाच सायकलवर येऊ शकत. अठ्ठ्याहत्तरच्या मार्चमध्ये ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. प्रॅक्टिकलच्या अठरा जणांच्या बॅचमध्ये तिचा बैठक नंबर अकरा होता.

देवरावांनी अर्ज लिहिला. माझी मुलगी या बॅचला आहे, तरी मला त्या दिवशी दुसरं काम द्यावं. अर्ज विभागप्रमुख मधुसूदन सरांच्या टेबलावर ठेवला.

सर हसले. "देवराव, तुझ्याशिवाय लॅब चालते का? आणि तू पोरीला सांगणार आहेस? तू?"

"तसं नाही सर. पण लोक म्हणतील."

"लोकांचं मी पाहतो." सरांनी अर्ज ड्रॉवरमध्ये टाकला.

देवरावांना बरं वाटलं. मोठ्या माणसाने विश्वास दाखवला, म्हणून बरं वाटलं. याच गोष्टीचा पुढे त्यांना सगळ्यात जास्त राग आला. सरांचा नाही. स्वतःच्या बरं वाटण्याचा.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सरांनी यादी दिली. अठरा नंबर. कोणत्या नंबरला बेरियम, कोणत्याला स्ट्रॉन्शियम, कोणत्याला पोटॅशियम. यादी सरांच्या अक्षरात होती. देवराव ती खिशात घालून लॅबकडे निघाले, तर जिन्यात एक पोरगा आडवा आला. स्कूटरवर येणारा. सरांच्या प्रताप नगरच्या घरी शिकवणीला जाणारा.

"देवरावजी, चार नंबरचं बेरियमच आहे ना? का सरांनी बदललं?"

देवरावांनी खिशावर हात ठेवला.

"नाही, म्हणजे उगाच," पोरगा म्हणाला. "कन्फर्म करून राहिलो. आमच्या सगळ्यांचं पाठ झालं. फक्त कोणी घोळ नको करू म्हटलं."

"सगळ्यांचं म्हणजे किती जणांचं?"

"शिकवणीवाले तेरा जण आहोत ना आमी." आणि तो शीळ घालत खाली गेला. त्याला भीती नव्हती. अटेंडंटची कसली भीती?

देवरावांनी खिशातली यादी काढून पाहिली. चार नंबर. बेरियम.

ते जिन्यातच बसले. एकवीस वर्षं त्यांनी खोकला दाबला होता. आणि सर घरी पाटावर बसवून सांगत होते. लेक ओट्यावर बसून चार महिने कोणता रंग कशाचा ते घोकत होती. हे तेराजण फक्त एक यादी घोकत होते.

ते प्राचार्यांकडे गेले. सरळ मार्गानं गेले, हे लक्षात ठेवायला हवं. प्राचार्य गोपाळरावांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

"मधुसूदन सरांवर आरोप करतो आहेस तू. कळतंय का?"

"हाव साहेब."

"पुरावा काय? एका पोराचं जिन्यातलं बोलणं? उद्या तो नाही म्हणेल. पुरावा आण, मग बघू."

देवराव बाहेर आले. दुपारभर लॅबमध्ये एकटे होते. तिन्ही बाटल्या पुढ्यात होत्या. तिन्ही पांढऱ्या. नुसतं पाहून कोणालाही कळणार नाही. मग त्यांनी पुड्या बांधल्या. बेरियमच्या जागी स्ट्रॉन्शियम. स्ट्रॉन्शियमच्या जागी पोटॅशियम. पोटॅशियमच्या जागी बेरियम. अठराच्या अठरा. अकरा नंबरचीसुद्धा. मुलीची पुडी तेवढी सोडली असती, तर तीच लबाडी झाली असती.

मग त्यांनी एका कागदावर खरी यादी लिहिली. खाली लिहिलं, की सरांनी दिलेली यादी बाहेर गेली आहे, पेपर तपासताना ताडून पाहावं. सही केली. तो कागद आणि सरांची यादी लिफाफ्यात घालून लिफाफा डिंकाने चिकटवला.

घरी ते काही बोलले नाहीत. कौसल्याबाई, त्यांच्या पत्नी, धंतोलीतल्या एका दवाखान्यात आया होत्या. त्यांनी विचारलं, "काहून असे गप आहा?"

"काही नाही."

पुष्पलता पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "बाबा परीक्षेच्या आदल्या दिवशी नेहमीच असे असतात आई. मी काही विचारीन म्हणून भेतात." ती हसली. देवराव हसले नाहीत.

सकाळी अमरावतीहून बाहेरचे परीक्षक आले. देवरावांनी त्यांना चहा दिला आणि बशीखाली लिफाफा ठेवला. "साहेब, परीक्षा संपल्यावर उघडा. तोवर नका उघडू." परीक्षकांनी कुतूहलाने पाहिलं आणि तो कोटाच्या खिशात ठेवला.

परीक्षा सुरू झाली.

या पुड्यांची एक ओळख म्हणजे ज्योत. प्लॅटिनमची तार ॲसिडमध्ये बुडवायची, पूड लावायची, बर्नरवर धरायची. बेरियमची ज्योत हिरवी. स्ट्रॉन्शियमची लाल. पोटॅशियमची जांभळट. लहान पोरालाही दिसेल असे रंग.

देवराव पोरांच्या पाठीमागे भिंतीला टेकून उभे होते. चार नंबरच्या पोराने तार धरली. ज्योत लालभडक झाली. पोराने ती पाहिली. मग वहीत लिहिलं: ज्योत हिरवी. बेरियम आहे.

सात नंबरने तारच धरली नाही. नुसतं लिहिलं.

नऊ नंबरच्या पोरीने तीनदा तार धरली. तिन्ही वेळा जांभळी. ती घाबरली, इकडेतिकडे पाहिलं, डोळे पुसले आणि लिहिलं: लाल.

डोळ्यांपुढे एक जळत होतं आणि हातातून दुसरंच उतरत होतं. देवरावांनी शेतात, गावात, शहरात खोटं खूप पाहिलं होतं. भुकेचं, भीतीचं, मालकाचं. पण असं नव्हतं पाहिलं. इथे कोणी दुसऱ्याला फसवत नव्हतं. स्वतःचे डोळे फसवत होते. आणि हेच उद्या पदवी घेऊन बाहेर पडणार होते. औषधं बनवणार होते, पाणी तपासणार होते, पोरांना शिकवणार होते.

अकरा नंबरकडे त्यांनी पाहिलं नाही.

संध्याकाळी परीक्षकांनी लिफाफा उघडला. पेपर ताडून पाहिले. तेरा पेपरांत सरांच्या यादीतली उत्तरं होती. पुडीत नसलेल्या सॉल्टची. सगळ्या कसोट्या, सगळे रंग, सुरेख अक्षरात. उरलेले पाच जण शिकवणीला जात नव्हते. त्यांपैकी दोघे चुकले होते, प्रामाणिकपणे चुकले होते. तिघांची उत्तरं बरोबर होती. त्यांत अकरा नंबर.

परीक्षक खुर्चीत मागे टेकले. "बाप रे," म्हणाले. "देवराव, हे फार मोठं आहे."

"हाव साहेब."

"मी उद्या लिहितो सगळं."

पण बाहेरच्या परीक्षकाने आतल्या परीक्षकाच्या घरी जेवायचं, असाही एक दस्तूर होता. त्या संध्याकाळी ते मधुसूदन सरांकडे जेवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी देवरावांच्या नजरेला नजर दिली नाही. लिफाफा मात्र कॉलेजकडे सुपूर्द केला.

चार दिवसांनी चौकशी बसली. स्टाफरूममध्ये तिघांची समिती. मधुसूदन सर समितीत नव्हते. खिडकीपाशी नुसते बसले होते.

अध्यक्षांनी कागद पुढे सरकवला. "हे अक्षर तुझंच?"

"माहंच."

"म्हणजे पुड्या तू बदलल्यास. विभागप्रमुखांच्या लेखी आदेशाविरुद्ध."

"यादी फुटली होती साहेब. तेरा जणांनी..."

"विचारलं तेवढं सांग. बदलल्यास?"

"बदलल्या."

"लिहून घ्या. कबूल आहे."

देवरावांना तेव्हा कळलं. त्यांनी पुरावा आणला होता. तो पुरावा आता त्यांच्याच विरुद्ध वाचला जात होता. कागद खरा असला की तो आपल्याच बाजूने बोलतो, असं त्यांना वाटलं होतं. शिकलेल्यांच्या जगात एकवीस वर्षं काढूनही वाटलं होतं.

"बदललेली यादी कोणाला माहीत होती?"

"मले एकट्याले."

"आणि बरोबर उत्तर कोणाचं आलं? तुझ्या मुलीचं."

"आणखी दोघांचं आलं ना साहेब! आणि मी सरांना अर्ज दिला होता. दुसरं काम द्या म्हणून. ड्रॉवरमंधी आहे."

सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं. मधुसूदन सर शांतपणे म्हणाले, "असा कोणताही अर्ज माझ्याकडे आलेला नाही."

मग पुष्पलतेला आत बोलावलं. ती खुर्चीमागे उभी राहिली. बस, असं कोणी म्हटलं नाही.

"तुझ्या वडिलांनी तुला काय सांगितलं होतं?"

"काहीच नाही. ज्योत लाल आली. मी लाल लिहिलं."

"असं?" अध्यक्ष हसले. "स्कॉलरशिप सरकारची आणि उत्तरं बापाची. छान चाललंय तुमचं."

पुष्पलता खुर्चीमागून पुढे आली. आवाज हलला नाही. "मला आत्ता कोणतीही पुडी द्या, सर. तुम्ही स्वतः बांधा. बाबांना बाहेर बसवा. मी तुमच्यासमोर करून दाखवते. आणि त्या तेरा जणांनाही द्या. चार नंबरला विचारा, लाल ज्योत हिरवी कशी दिसली."

एक सदस्य, वयस्कर, चुळबुळले. "हरकत काय आहे तशी..."

"नियमात तशी तरतूद नाही," अध्यक्ष म्हणाले. "जा तू."

निकाल आठ दिवसांत लागला. कर्मचाऱ्याच्या गैरवर्तनामुळे परीक्षेत गोंधळ झाला, म्हणून तेरा जणांची, आणि चुकलेल्या दोघांची, प्रॅक्टिकल पुन्हा घेतली. तेराही पास झाले. बरोबर उत्तर दिलेल्या इतर दोघांना हात लावला नाही. पुष्पलतेची परीक्षा एका वर्षासाठी रद्द. देवराव चार महिने निलंबित.

घरी कौसल्याबाई कपाळाला हात लावून बसल्या. "बसा आता बाप-लेक दोघंही घरी. करा आपल्या पुड्या."

तिसऱ्या दिवशी पुष्पलतेने विचारलं.

"बाबा, तुमी मले काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तेच झालं असतं ना वं. त्यांच्यासारखंच."

"सॉल्ट नाही म्हणत मी. तुमी काय करून राहिले ते. मले म्हणाले असते, पोरी, असं असं करून राहिलो, तू या बॅचले बसू नको, आजारी पड. मी पडली असती. परीक्षा माही होती, बाबा. तुमी तिच्यात आपली देऊन घेतली. मले विचारलं पण नाही."

देवराव एकवीस वर्षं खरे वागले होते आणि खरं वागणं हे एकट्याचं काम असतं, असं समजत होते. ते एकट्याचं नव्हतं. शिक्षा तिला झाली होती.

"चुकलो," ते म्हणाले.

"पुड्या बदलून नाही चुकले," ती म्हणाली. रागानेच म्हणाली.

निलंबन संपल्यावर देवरावांना लॅबमध्ये घेतलं नाही. सायकल स्टँडवर नत्थूच्या जोडीला दिलं. तिथे ते पत्र्याची टोकनं वाटत बसत.

पुढच्या मार्चमध्ये फळ्यावर सूचना लागली. यापुढे पुड्यांवर विद्यार्थ्यांचे नंबर नसतील. बाहेरचे परीक्षक विद्यार्थ्यांना चिठ्ठ्या काढायला लावतील; चिठ्ठीत निघेल ती पुडी. अमरावतीच्या परीक्षकांनीच विद्यापीठाला तसं सुचवलं, असं ऐकू आलं. कोणाचंही नाव न घेता. नियम चांगला होता. नियम देवरावांचाच होता म्हणायला हरकत नाही. पण सूचनेची पहिली ओळ अशी होती: चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांकडून होणारे गैरप्रकार टाळण्यासाठी.

देवरावांनी ती ओळ दोनदा वाचली. एक पोरगा सायकल काढता काढता दुसऱ्याला म्हणाला, "कोण्या चपराशानं लफडं केलं यार. म्हणून हे चिठ्ठ्यांचं झंझट आपल्या मागं लागलं." देवरावांनी त्याचं टोकन घेतलं आणि सायकल दिली.

पुष्पलता पुन्हा परीक्षेला बसली. चिठ्ठी काढली, पूड ओळखली. बाहेरच्या परीक्षकांनी तिच्यासमोर मान डोलावली. आतले परीक्षक मधुसूदन सरच होते.

जुलैमध्ये गुणपत्रिका आली. ती घेऊन ती सायकल स्टँडवर आली आणि बापापुढे धरली. लेखी पेपरांत सगळीकडे साठ टक्क्यांच्या वर. प्रॅक्टिकल: साठपैकी एकवीस.

पास व्हायला एकवीसच लागत होते.

"सगळं बरोबर होतं?" देवरावांनी विचारलं.

"सगळं."

नत्थूने डोकावून पाहिलं. "पास झाली ना पोरगी? मंग पेढे आणा गा."

देवरावांनी आकडा पुन्हा पाहिला. नापास केलं असतं, तर बोलता आलं असतं. एकवीस दिले. तोंड उघडायला फट ठेवली नाही. मोजून, नेमके, हसत दिले असणार. वर, खिडकीतून, मधुसूदन सरांच्या शिकवण्याचा आवाज येत होता. नवीन वर्षाचा पहिला तास.

देवराव उठले. मग थांबले. लेकीकडे वळले.

"आता यांच्या हातात तुह्यं काही राह्यलं का?"

"काही नाही. पदवी विद्यापीठ देते."

"मी वर जाऊन पोरांना सांगून येऊ का? सगळं. नोकरी जाईल माही. विचारून राहिलो तुले."

पुष्पलतेने वर पाहिलं. मग त्यांच्या हातातला टोकनांचा डबा काढून घेतला आणि स्टुलावर बसली.

"सायकली मी पाहते," ती म्हणाली. "पण माहं नाव घेऊन सांगा. पोरगी पोरगी नका करू."

देवराव जिना चढले. वर्गात साठेक पोरं होती. सर फळ्यावर लिहीत होते. दारात देवराव दिसले, तेव्हा त्यांनी भुवया उंचावल्या.

"काय आहे?"

देवराव आत गेले. टेबलापाशी उभे राहिले. कधी मोठ्याने बोलायची सवय नव्हती, त्यामुळे पहिले दोन शब्द पहिल्या बाकालाही ऐकू गेले नाहीत. मग आवाज फुटला, आणि इतका मोठा फुटला की शेजारच्या वर्गातलं शिकवणंही थांबलं.

"पोराहो, मी देवराव रामटेके. चिठ्ठ्यांचा नियम काहून झाला ते आयका. मागच्या साली या लॅबमंधी तेरा जणांनी लाल ज्योतीले हिरवी लिहिलं. काहून की यांनी त्यांले घरी बसवून तसं सांगितलं होतं."

"देवराव! बाहेर हो!"

"होतो सर. सांगून झालं की होतो."

सर टेबलावरची घंटी बडवू लागले. कोणी आलं नाही. मागच्या बाकावरचा एक पोरगा उभा राहिला आणि म्हणाला, "बोला काका."

"आणि एका पोरीनं जे दिसलं ते लिहिलं," देवराव म्हणाले. "तिचं साल घेतलं यांनी. औंदा साठपैकी एकवीस दिले. ती माही पोरगी आहे, म्हणून मी सांगून नाही राहिलो. तिनं मले धाडलं, म्हणून सांगून राहिलो. तिचं नाव लिहून घ्या. पुष्पलता देवराव रामटेके."

पुढच्या बाकांवरची काही पोरं मान खाली घालून बसली. मागे कोणीतरी वही उघडल्याचा आवाज झाला.